सफरचंदाचं क्रम्बल आणि चार रविवार

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं आणि ५ नोव्हेंबरला ते घरी आले. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि बहुतेक जण सफरचंदंच आणतात. दहा दिवसांत आमच्या टेबलावर तेवीस सफरचंदं जमली. ज्यांच्यासाठी ती आली होती, ते बाबा मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हते. त्यांना वरची कवळी आहे, सफरचंद चावणं दोन वर्षांपूर्वीच सुटलंय. किसून दिलं तर दोन चमचे खायचे, वाफवून दिलं तर वाटी सरकवायचे. "आजाऱ्याचं खाणं पुरे झालं रे आता," म्हणायचे. ऑपरेशनच्या आधीपासूनच वजन साडेचार किलो उतरलं होतं. त्यांना डायबेटिस नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवडेल ते खाऊ द्या. पण आवडेल असं काही सापडत नव्हतं.

माझी ताई इंग्लंडात लेस्टरला असते. तिनं व्हिडिओ कॉलवर ती सफरचंदांची रास पाहिली आणि म्हणाली, "अरे, क्रम्बल कर की. खाली मऊ शिजलेलं फळ, वर खुसखुशीत चुरा आणि त्यावर गरम कस्टर्ड. कवळीला काही त्रास नाही. इथे रविवारी घराघरांत होतं, पोरांना शाळेच्या जेवणातही मिळतं."

मला पोळ्या येतात, आमटी येते, पण बेकिंग कधी केलेलं नव्हतं आणि घरात ओव्हनही नव्हता. ऐकायला सोपा असलेला हा पदार्थ नीट जमायला मला १६ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर असे चार रविवार लागले. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच ओव्हन येणार आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं तारीखवार लिहितोय.

पहिला रविवार, १६ नोव्हेंबर. कुकरमध्ये केक होतो, मग हेही होईल असं वाटलं. तळाला मीठ, त्यावर जाळी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, गॅस बारीक. पन्नास मिनिटांनी उघडलं तर खालची सफरचंदं उत्तम शिजली होती, पण वरचा चुरा पांढराच राहिला होता आणि ओल्या पिठासारखा चिकट झाला होता. कारण नंतर कळलं. कुकरमध्ये आच खालून येते. फळाची वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन परत खाली पडते. केकला ते चालून जातं, क्रम्बलच्या वरच्या थराला मात्र वरून कोरडी आच हवी असते. बाबांनी खालचं फळ तेवढं खाल्लं, पण वाटीभर खाल्लं. त्या वाटीमुळे मी सोमवारी रात्री ओटीजी, म्हणजे टेबलावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, मागवला. २८ लिटरचा, १५०० वॉटचा, ६,४९० रुपये.

गुरुवारी, २० तारखेला खोकं आलं. उघडलं तर दाराची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली. नशिबानं खोकं उघडताना लेकीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, त्यामुळे बदलून मागताना वाद झाला नाही. तरी तक्रार नोंदवणं, फोटो पाठवणं, शनिवारी जुना नेणं आणि बुधवारी २६ ला नवा येणं यात सहा दिवस गेले. काचेची किंवा विजेची वस्तू घरपोच मागवत असाल तर खोक्याची चिकटपट्टी कापण्याआधी कॅमेरा चालू करा. आणि खोकं थर्माकोलसकट निदान दहा दिवस ठेवा, परत नेताना ते मागतात.

या दिवसांत दुसरं काम निघालं, ते मला आधी सुचायला हवं होतं. ओटीजीची पिन जाड असते, १६ अँपिअरच्या पॉइंटची. आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरचे सहा अँपिअरचे दोनच पॉइंट. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर, म्हणजे सहाच्या पॉइंटच्या वरच. बाजारात मिळणारा कन्व्हर्टर लावून भागवता येतं असं दोघांनी सांगितलं. इलेक्ट्रिशियननं मात्र स्पष्ट नाही म्हटलं. तासभर सलग चालणारं यंत्र आहे, वायर तापून सॉकेट वितळतं, म्हणाला. बोर्डापासून नवी चार स्क्वेअर एमएमची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका) आणि १६ चा पॉइंट, मजुरी धरून १,८५० रुपये.

त्यासाठी भिंतीला खाच पाडावी लागणार, म्हणजे सोसायटीची परवानगी. मुलुंड पूर्वेतली आमची सोसायटी जुनी आहे आणि नियम कडक आहेत. छापील अर्ज, कामाचं स्वरूप, कामगाराच्या आधारची झेरॉक्स, भिंतीचं प्लास्टर पूर्ववत करून देण्याचं हमीपत्र आणि पाचशे रुपयांचा परत मिळणारा चेक. २४ तारखेला अर्ज दिला, सेक्रेटरींनी त्याच दिवशी सही केली. अध्यक्ष पुण्याला गेले होते, त्यांची सही २७ ला मिळाली. रविवारी तोडफोडीला बंदी आणि रोज दुपारी एक ते चार आवाज नाही, म्हणून काम शनिवारी २९ ला सकाळी झालं. ओव्हन घ्यायचा विचार असेल तर आधी पॉइंट बघा, मग ओव्हन मागवा. मी उलटं केलं, आणि नवा ओव्हन तीन दिवस टेबलावर नुसता बसून राहिला.

आणखी एक गोष्ट त्या इलेक्ट्रिशियननं दाखवली. आमच्याकडे महावितरणची वीज आहे. बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, त्यात किती किलोवॉट लिहिलेत ते बघून तो म्हणाला, "काका, गिझर आणि हा एकाच वेळी लावू नका." तेव्हापासून रविवारी सगळ्यांच्या आंघोळी झाल्याशिवाय ओटीजी लागत नाही.

मधल्या रविवारी, २३ नोव्हेंबरला, ताईनं ओव्हनशिवायची एक वाट सांगितली. ती खरंच कामाची आहे. सफरचंदाच्या फोडी थोडं लोणी, साखर आणि दालचिनी घालून पातेल्यात मऊ करायच्या. मैदा, लोणी आणि साखरेचा चुरा जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, रवा भाजतो तसा, हलवत राहून बदामी करायचा. मला अठरा मिनिटं लागली. वाढताना वाटीत फळ आणि वर चुरा. रस वर उकळून येत नाही, थर एकमेकांत मुरत नाहीत, पण चव जवळ जाते. ओव्हन नसेल तर एवढंच करा, कुकरच्या वाटेला जाऊ नका.

मग आला ३० नोव्हेंबर. नवा ओटीजी आधी रिकामाच वीस मिनिटं पूर्ण तापवला. आतल्या सळ्यांना कारखान्यातलं तेल असतं, त्याचा धूर आणि वास निघून जातो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. तोवर आलेली सफरचंदं संपली होती. काही लेकीनं डब्यात नेली, काहींचा आईनं शिरा केला. स्टेशनजवळच्या बाजारातून १८० रुपये किलोनं काश्मिरी आणली. काचेचं चौकोनी भांडं ५२० रुपयांना घेतलं.

कृतीत लिहिलं होतं, 'लोणी पिठाला बोटांनी चोळा'. मी पंधरा मिनिटं चोळलं. दुपारचे बारा वाजले होते आणि स्वयंपाकघरात घाम येत होता. लोण्याची वडी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या कडेनं चकाकायला लागली होती. परातीत चुरा व्हायचा तो होईना, हळूहळू गोळा होत गेला. तोच तोडून फळावर पसरला. चाळीस मिनिटांनी बाहेर काढलं तेव्हा वर एक सलग, टणक वडी झाली होती. चमच्यानं दाबली तर फुटेना. खाली जाड फोडी अर्ध्या कच्च्या. बाबांनी कवळी सांभाळत कडेचा एक तुकडा घेतला आणि ठेवून दिला. मला फार वाईट वाटलं. दोन आठवडे धावपळ करून त्यांच्या ताटात टणक वडी वाढली होती.

आईनं ती वडी हातात घेऊन मोडून पाहिली. "हे चोळलं नाहीस, मळलंस," ती म्हणाली. "शंकरपाळ्याला मोहन घालतो तेव्हा पाणी घालायच्या आधी पीठ कसं दिसतं, आठव. मूठ दाबली की मुटका झाला पाहिजे आणि बोटानं टोकरला की मोडला पाहिजे. तुझा मोडलाच नसता."

तिथे मला पहिल्यांदा हे क्रम्बल कळलं. ताई ज्याला चुरा म्हणते ते आपलं मोहन चोळलेलं पीठच आहे. फक्त आपण मोहन कडकडीत घालतो आणि इथे स्निग्ध पदार्थ गार हवा असतो. गार का, याचंही कारण आहे. बाजारच्या लोण्यात साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, बाकीच्यात मुख्यतः पाणी. लोणी वितळलं की ते पाणी पिठात जातं, पिठाला चिवटपणा येतो, आणि वितळलेलं लोणी सगळे कण एकमेकांना चिकटवतं. गार लोण्याचे कण पिठात वेगवेगळे राहतात, ओव्हनमध्ये जागच्या जागी वितळतात आणि चुरा सुटा राहतो. इंग्लंडातल्या स्वयंपाकघरात लोणी गार ठेवायला काही करावं लागत नाही. मुंबईत करावं लागतं. कृती लिहिणारे ते सांगत नाहीत, कारण त्यांना ते सांगायची गरजच पडत नाही.

फळाचंही तसंच. तिथे क्रम्बलसाठी आंबट सफरचंद वेगळं मिळतं, फक्त शिजवण्यासाठी वाढवलेलं. आपलं सफरचंद गोड आणि रवाळ. साखर तेवढीच घातली तर नुसता गोडवा उरतो. त्यामुळे लिंबू हवंच, किंवा दोन हिरवी आंबट सफरचंदं मिसळायची. ती महाग असतात, मला २८० रुपये किलोनं मिळाली, पण दोनच लागतात.

त्या आठवड्यात रोज रात्री ताईशी बोलणं व्हायचं. क्रम्बल इंग्लंडात घरोघरी रुजलं ते दुसऱ्या महायुद्धात, असं तिनं सांगितलं. ८ जानेवारी १९४० पासून तिथे लोणी आणि साखर रेशनवर गेली, लोणी पुढे बराच काळ माणशी आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम मिळायचं, आणि रेशन पूर्ण उठायला १९५४ उजाडलं. 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत फळ भरून भाजलेला पदार्थ, करायचा तर सगळीकडून पारी लागते, पीठ आणि लोणी जास्त जातं. चुरा नुसता वरून भुरभुरायचा, थोडक्यात भागतं. आई हे ऐकत होती. तिचं माहेर साताऱ्याकडचं, १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकऱ्या तिनं खाल्ल्यात. ती म्हणाली, "मग बाईनं बरोबर युक्ती काढली." कुठल्या बाईनं ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही, पण त्या रात्रीपासून हा पदार्थ तिला परका राहिला नाही.

७ डिसेंबरचं सविस्तर सांगतो, कारण ते जमलं.

आदल्या रात्री शंभर ग्रॅमची लोण्याची वडी फ्रीझरमध्ये ठेवली. परात आणि किसणीही फ्रीजमध्ये. पाच मध्यम सफरचंदं घेतली, तीन लाल आणि दोन हिरवी, सोलून साधारण पाऊण किलो. बोटाच्या पेराएवढ्या फोडी केल्या, त्याहून मोठ्या नाही. एका लिंबाचा रस लगेच चोळला, त्यानं फोडी काळ्या पडत नाहीत. तीन चमचे साखर, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर, म्हणजे रस पाणचट न राहता दाटतो. हे सगळं भांड्यात घालून ओटीजी १८० अंश सेल्सिअसवर तापायला लावला, वरची आणि खालची दोन्ही सळ्या चालू.

चुरा अगदी शेवटी करायचा. मैदा दीडशे ग्रॅम, साखर पाऊणशे आणि लोणी पाऊणशे. दोनास एक एक, हे प्रमाण लक्षात ठेवलं की कृतीचा कागद लागत नाही. लोणी खारं होतं म्हणून मीठ घातलं नाही. गोठलेली वडी पिठात बुडवून किसली, दर चार फटक्यांनी पुन्हा पिठात. पिवळे कीस पिठात पडत होते आणि चिकटत नव्हते. मग आईनं बांगड्या मागे सारल्या आणि माझ्या शेजारी उभी राहून दाखवलं. तळहात लावायचाच नाही. फक्त बोटांची टोकं, अंगठा करंगळीकडून तर्जनीकडे सरकवायचा आणि पीठ उंचावरून परातीत सोडायचं, म्हणजे त्यात हवा जाते आणि हाताची ऊब लागत नाही. दोन मिनिटं, जास्तीत जास्त तीन. परातीत जाड्या रव्यासारखा चुरा दिसायला लागला, मधे मधे वाटाण्याएवढे खडे. ते मोडायचे नाहीत, खाताना तेच कुरकुरीत लागतात. तिनं मूठ दाबली. मुटका झाला. बोटानं टोकरला, मोडला. "आता घाल," ती म्हणाली. साखर शेवटी मिसळून चुरा फळावर नुसता पसरला, दाबला नाही.

पंचविसाव्या मिनिटाला दालचिनीचा वास हॉलपर्यंत गेला. बाबा काठी न घेता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. ओटीजीच्या सळ्या अन्नाच्या फार जवळ असतात, त्यामुळे वरचा रंग लवकर येतो. तिसाव्या मिनिटाला मी वरून फॉइलचा कागद सैल ठेवला. झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. भांड्याच्या कडेला बघा. काचेच्या कडेनं आधी बारीक बुडबुडे येतात, मग रस दाट होऊन मधाच्या रंगाचा होतो आणि सावकाश, मोठे बुडबुडे फोडत चुऱ्यावर चढतो. आमच्याकडे ते बेचाळिसाव्या मिनिटाला दिसलं. मग मधोमध सुरी घालून पाहिली, ती फोडीत अडखळली नाही.

तापलेलं काचेचं भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकतं. आईनं पोळपाट उलटा घालून दिला. आणि वीस मिनिटं थांबा. ही वीस मिनिटं मला सगळ्यात जड गेली, पण तेवढ्यात रस बसतो आणि जीभ भाजत नाही.

तोवर आईनं कस्टर्ड केलं, अर्धा लिटर दुधाला दोन चमचे पावडर, आधी गार दुधात कालवून. ते आपल्या घरांना नवं नाही, फ्रूट सॅलडसाठी आपण करतोच. शेजारच्या काकूंनी त्यात अंडं असतं का विचारलं, कारण मार्गशीर्ष चालू होता. नसतं. ही पावडरच मुळी बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये काढली ती त्यांच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. क्रम्बलमध्येही अंडं नाही. काकूंनी दोन वाट्या खाल्ल्या.

खर्चाचं सांगायचं तर साहित्य कस्टर्ड धरून साधारण तीनशे रुपयांत आलं आणि सहा जणांना पुरलं. वीज तापवण्यासकट फार तर दीड युनिट. उरलेलं दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मुंबईच्या दमट हवेत चुरा आधीच मऊ पडलेला असतो, तो आणखी ओला होतो. ओटीजीत १६० वर दहा मिनिटं पुरतात. मी आता चुरा दुप्पट करतो आणि अर्धा डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवतो. तो न वितळवता तसाच फळावर घालायचा.

बाबांनी कवळीसकट खाल्लं. वाटीतला चुरा कस्टर्डमध्ये थोडा मुरू दिला, मग चमचा वाटीच्या कडेनं फिरवून फिरवून खाल्लं. दुसरी वाटी मागितली. त्यांनी काही मागितलं याला महिना होऊन गेला होता. ताई कॉलवर होती, तिच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि ती बोलायची थांबली होती.

"पेरूचं होईल का रे?" बाबांनी विचारलं.

बिया कवळीत अडकतील, मी म्हणालो. आई तोवर उठली होती. फ्रीजमधून तिनं दोन पेरू काढले, विळीवर मधोमध चिरले आणि चमच्यानं बियांचा गाभा खरवडून काढायला घेतला.